स्कॉटलंडला पळायला, सायकल चालवायला जायचंय? तयारी नाशिकमधेच होते, तीही भर पावसाळ्यात

आधीच सांगते, हे एलिट लोकांसाठी नाहीये. सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर राउंड मारणारे, रविवारी ग्रुपबरोबर त्र्यंबकपर्यंत सायकल काढून मिसळ हाणून परत येणारे, डबे-ऑफिस-सासूबाईंच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंट सांभाळून जमेल तसं पळणारे जे आपण, त्यांच्यासाठी आहे. हल्ली कुणाचा मुलगा ग्लासगोला मास्टर्स करतोय, कुणाची बहीण एडिनबराला, माझे दीर-जाऊ तर कितीतरी वर्षं तिकडेच आहेत, मग सुट्टीत जायचं ठरतं आणि पळणाऱ्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो की शूज न्यायचे का. न्यायचे. पण नुसते शूज नेऊन भागत नाही.

आपल्याकडे तयारी म्हणजे किलोमीटर. आज किती झाले, आठवड्याचे किती, स्ट्राव्हावर (पळण्या-सायकलिंगची नोंद ठेवणारं ॲप) कुणाचे किती. आणि हे सगळे किलोमीटर सपाट डांबरावर, कोरड्या हवेत. जून आला की निम्मा ग्रुप गायब, "पाऊस आहे ना, आता दसऱ्यानंतर बघू". आता स्कॉटलंडमधे काय असतं तर चढ, चिखल, ओले दगड, समोरून वारा आणि दिवसातून तीन-चार वेळा येणारा पाऊस. म्हणजे ज्या चार महिन्यांत आपण दुकान बंद करतो तेच चार महिने कामाचे आहेत. नाशिकच्या पूर्वेला निफाडकडे फारसं नाही, पण पश्चिमेला अंजनेरी-त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात जुलै-ऑगस्टमधे जी हवा असते ना, तिच्यात थंडी मिसळली की झालं स्कॉटलंड.

कधी जायचं

हे आधी ठरवा कारण तयारीचं वेळापत्रक त्यावर आहे. दोन चांगले काळ, मे-जून किंवा सप्टेंबर. मे-जूनमधे तिकडे दिवस संपतच नाही, जूनमधे एडिनबराला साडेचारच्या सुमारास उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड, पाऊसही पश्चिम किनाऱ्याला त्यातल्या त्यात कमी. पण मग तुमची मुख्य तयारी येते मार्च-एप्रिल-मे, म्हणजे चाळीस डिग्रीत. उन्हात पळून दम वाढतो हे खरं, पण तिकडच्या हवेची शरीराला काहीच ओळख होत नाही. माझं मत सप्टेंबर. ऑगस्टमधे एडिनबराला फेस्टिव्हल असतो, हॉटेलचे रेट डोळे पांढरे करतात, आणि स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होतात, त्यामुळे सप्टेंबरमधे गर्दी आणि भाव दोन्ही उतरलेले. उजेड साधारण पावणेसात ते साडेसात, पुरेसा आहे. व्हिझिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून भरता येतो, म्हणजे जूनमधे एकीकडे व्हिसाचा फॉर्म भरायचा आणि दुसरीकडे ट्रेनिंग सुरू करायचं, एकदमच लक्षात राहतं.

चाळिशी पार केली असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, बीपी, शुगर, ईसीजी. यावर जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहितीये आणि कुणीच करत नाही.

चढ मोजायला लागा

हा सगळ्यात मोठा बदल. किलोमीटरबरोबर आठवड्यात किती मीटर चढलात ते बघायला लागा, घड्याळात किंवा ॲपमधे एलिव्हेशन गेन म्हणून दिसतं. कारण सांगते. बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर, १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. आपण म्हणतो हॅ, हे तर कळसूबाईपेक्षा कमी. पण कळसूबाईला बारी गावातून निघालो की चढ साधारण नऊशे मीटरचा, कारण गावच मुळात उंचावर आहे. बेन नेव्हिसला सुरुवात ग्लेन नेव्हिसमधून, जवळजवळ समुद्रसपाटीपासून, म्हणजे तेराशेच्या तेराशे मीटर पायांनी फेडायचे. आणि वरती १८८३ ते १९०४ हवामानाची वेधशाळा होती, तिच्या नोंदींप्रमाणे शिखरावरचं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या जरासं खालीच आहे. खाली टीशर्टात असाल आणि वर बोटं बधिर, असं एकाच दिवसात होतं.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना हिशोब आहे, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मधे मांडलेला आणि आजही वापरात असलेला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. बेन नेव्हिसच्या नेहमीच्या वाटेने एका बाजूने साधारण आठ किलोमीटर, म्हणजे एक तास छत्तीस मिनिटं, अधिक १३४५ मीटरचे सव्वादोन तास, झाले पावणेचार-चार तास फक्त चढायला, चालत. हा हिशोब इकडे अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीवर लावून बघा, तुमची स्वतःची वेळ त्याच्या किती टक्के येते ते काढा, आणि मग तोच टक्का तिकडच्या रूटला लावा. माझी वेळ हिशोबाच्या पाऊणपट येते, चिखल असेल तर जवळपास हिशोबाएवढीच. हा आकडा हातात असला की तिकडे "संध्याकाळच्या बसपर्यंत खाली येऊ का" या प्रश्नाचं उत्तर देवाच्या भरवशावर सोडावं लागत नाही.

आठवडा कसा लावायचा

बारा आठवडे धरा. जूनचा दुसरा आठवडा ते ऑगस्टअखेर. ज्यांना सलग अर्धा-पाऊण तास पळता येतं त्यांच्यासाठी हे आहे, ज्यांना येत नाही त्यांनी मार्चपासून तेवढं आधी जमवा.

मंगळवारी चढ. सिडको-इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडच्यांना पांडवलेणी, पंचवटी-म्हसरूळकडच्यांना चांभार लेणी. दहा मिनिटं सपाटीवर हळू, मग पायऱ्यांनी वर. पळत पायऱ्या चढायचा हट्ट नको. डोंगरात पळणारे तिकडचे पट्टीचे लोकसुद्धा तीव्र चढाला चालतात, हात मांडीवर दाबून, कंबरेत थोडं वाकून, छोटी छोटी पावलं. हे चालणं शिकण्यासारखं आहे, त्यालाही सराव लागतो. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, हळूहळू सहा-सात. सकाळी लवकर जा, नंतर पर्यटक आणि माकडं दोन्ही वाढतात.

गुरुवारी निवांत पळणं, चाळीस-पन्नास मिनिटं, गंगापूर रोडला किंवा कॉलेज ग्राउंडला, जिथे जमेल तिथे. निवांत म्हणजे शेजारचीला कालचा सगळा किस्सा सांगता आला पाहिजे, मधे धाप लागून थांबायला नको. हे लोकांना पटतच नाही, सगळे रोज मधल्याच स्पीडने पळतात, ना धड हळू ना धड जोरात, आणि मग महिन्याभरात गुडघा धरतात. आठवड्यातलं बहुतेक पळणं असंच गप्पांच्या स्पीडने हवं, दम लागणारं काम फक्त मंगळवारचं.

शनिवारी सायकल, रविवारी डोंगर. हे मुद्दाम लागोपाठ ठेवलंय, कारण सुट्टीत तुम्ही रोजच काहीतरी करणार, थकलेल्या पायांनी डोंगर चढायची सवय इथेच करून घ्यायची. रविवारचं अंतर धरू नका, वेळ धरा, दीड तासापासून सुरू करून साडेतीन-चार तासांपर्यंत. रामशेज छोटा आणि सुरुवातीला उत्तम. अंजनेरी माझा सगळ्यात आवडता, कारण तिथे सगळं मिळतं, पायऱ्या, वरचं पठार, धुकं, गुडघ्याएवढं गवत, पाण्याने भरलेल्या वाटा. ब्रह्मगिरीला श्रावणातल्या सोमवारी मात्र जाऊ नका, तिसऱ्या सोमवारी तर प्रदक्षिणेला एवढे लोक असतात की चालायलाही जागा नसते, अर्थात प्रदक्षिणाच करायची असेल तर जरूर जा, वीसेक किलोमीटर होतात आणि ट्रेनिंग आणि पुण्य एकाच खात्यात. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर पावसात ट्रेनिंग वगैरे करायला जाऊ नका, ती जागा त्यासाठी नाही.

दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्याला आणा. तो आठवडा आळशीपणाचा वाटतो पण पाय त्याच आठवड्यात तयार होतात.

सोमवारी आणि शुक्रवारी आराम, बुधवारी वीस मिनिटं घरी, भिंतीला टेकून बसणं, एका पायावर उभं राहून पोटऱ्या वर-खाली, स्क्वॉट. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर उभी राहते मी, घोट्याला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

बायकांसाठी वेगळं सांगते, पहाटे पाचला एकटीने मोकळ्या रस्त्याला जाण्यात काही शौर्य नाही, दोघी-तिघी मिळून जा. आणि कुत्री. नाशिकमधे पळणाऱ्याचा खरा शत्रू चढ नाही, कॉलनीच्या कोपऱ्यावरची कुत्री आहेत. पळत असाल तर थांबा, चालायला लागा, डोळ्याला डोळा देऊ नका. सायकलवर असाल तर उतरून सायकल मधे घ्या.

उतार

याच्यावर जरा थांबू, कारण इथेच बहुतेकांची सुट्टी वाया जाते. चढाला दम लागतो, पण पाय मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्याची सवय नसेल तर चोवीस तासांनी दुखायला सुरुवात होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. पहिल्याच दिवशी बेन नेव्हिस केलं आणि उरलेली सुट्टी होमस्टेच्या सोफ्यावर काढली असे लोक मला माहीत आहेत. यावर उपाय एकच, उतरायचा सराव, आणि एक चांगलं म्हणजे एक-दोन वेळा व्यवस्थित दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला तेवढं दुखत नाही.

अंजनेरीच्या पायऱ्या जुलैमधे उतरून बघा. दगडाला हिरवट शेवाळ असतं, कडेने पाणी वाहत असतं आणि प्रत्येक पायरीचा मधला भाग हजारो पायांनी घासून गुळगुळीत. इथे मधे पाय टाकू नका, जिथे दगड खडबडीत आहे किंवा दोन दगडांच्या फटीत माती-गवत आहे तिथे टाका. पाऊल पूर्ण सपाट ठेवा, टाच आधी टेकवली की घसरलंच. पावलं छोटी आणि पटापट, नजर पुढच्या तीन-चार पायऱ्यांवर, बुटाच्या टोकावर नाही. हात बाजूला मोकळे, खिशात किंवा मोबाईलवर नाही. गुडघे किंचित वाकलेले. सुरुवातीला चालतच उतरा, मग जिथे माती आहे तेवढ्याच तुकड्यात पळा. हे एकदा अंगात भिनलं की स्कॉटलंडच्या वाटा सोप्या वाटतात, त्या चिखलाच्या असतात, पीट नावाची काळी दलदलीची माती, पाय घोट्यापर्यंत आत जातो.

शूज ट्रेलचे घ्या, तळाला चार-पाच मिलिमीटरच्या गुठळ्या असलेले. वॉटरप्रूफ शूजच्या नादी लागू नका, पाणी वरून आत येतंच आणि मग बाहेर जात नाही. जाळीचे घ्या, भिजू देत, वाळतात. पायाला जखम असेल तर चिखलात जाऊ नका, पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

सायकल

त्र्यंबक रोड हा पावसाळ्यात आपल्याला फुकट मिळालेला वाऱ्याचा बोगदा आहे. जुलैमधे वारा पश्चिमेकडून, म्हणजे जाताना अठ्ठावीस-तीस किलोमीटर तोंडावर आणि येताना पाठीवर. स्कॉटलंडमधेही वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडूनच. जाताना स्पीड बघू नका, स्पीड बघितला की माणूस चिडतो आणि जोर लावतो. पायाचा जोर तेवढाच ठेवा, गिअर हलका करा, पेडल मिनिटाला ऐंशी-नव्वद फिरलं पाहिजे, कोपर वाकवून अंग खाली. येताना आपोआप हिरो होता.

मोठ्या चढासाठी सप्तशृंगीगड. नांदुरीपासून वर साधारण दहा किलोमीटरचा घाट. स्कॉटलंडमधे बेलाख ना बा म्हणून प्रसिद्ध रस्ता आहे ॲपलक्रॉसला जाणारा, लांबी जवळपास एवढीच, नऊ किलोमीटर, पण समुद्रापासून ६२६ मीटरवर जातो आणि शेवटी शेवटी चढ वीस टक्क्यांपर्यंत. तिथे जायचं मनात असेल तर पुढे ३४ दातांची आणि मागेही ३४ दातांची चकती लावून घ्या, दुकानदार म्हणेल एवढी मोठी कशाला, लावा म्हणावं. गड जमत नसेल तर गिरणारेच्या पुढे वाघेराचा घाट आहे, रहदारी कमी, हिरवळ भरपूर. कसारा घाटात जाऊ नका, ट्रक आणि पाऊस हे कॉम्बिनेशन ट्रेनिंगसाठी नाही.

पावसात ब्रेक लवकर आणि हलके हलके दाबत जा, रिमचे ब्रेक असतील तर आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं आणि मगच पकडतात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, यांच्यावर वळू नका. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. घरी आल्यावर चहाच्या आधी चेन पुसून तेल, नाहीतर दोन दिवसांत गंज. पंक्चर काढायला शिका हे वेगळं सांगायला नको, बाभळीचा काटा सगळ्यांना शिकवतो. हवेच्या टायरचं सगळं श्रेय आपण डनलॉपला देतो, तो जन्माने स्कॉटिश आणि पेशाने जनावरांचा डॉक्टर, १८८८ मधे त्याने टायर काढला, पण त्याच्या चाळीसेक वर्षं आधी रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्याच स्कॉटिश माणसाने त्याचं पेटंट घेतलं होतं. पंक्चर काढताना शिव्या कुणाला द्यायच्या ते आता तुम्ही ठरवा.

सायकल इथून न्यायची की तिकडे भाड्याने? दोन-तीन दिवसच चालवणार असाल तर भाड्याने. आपलं फक्त सीट आणि पेडल न्या, शरीराला ओळखीचं तेवढंच लागतं. आणि महागड्या सायकलचा न्यूनगंड नको, ग्रॅम ओब्री नावाच्या स्कॉटिश माणसाने १९९३ मधे एका तासात ५१.५९६ किलोमीटर मारून जागतिक विक्रम केला तो स्वतः बनवलेल्या सायकलवर, आणि तिच्यात वॉशिंग मशीनचे बेअरिंग होते. आपल्या नाशिकचंच बघा, डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मधे रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, अख्खी अमेरिका आडवी, आणि पळण्यात सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्रॉंझ आणलं. ही सगळी मंडळी याच रस्त्यांवर तयार झालीत.

कपडे

कॉटन नाही. एवढं एक वाक्य पाठ केलं तरी चालेल. नाशिकच्या पावसात भिजलेला कॉटनचा टीशर्ट त्रास देत नाही कारण हवा बावीस-तेवीस डिग्री असते. तिकडे आठ डिग्री आणि वारा, त्यात तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मेथीच्या जुडीसारखे गारच पडत जाणार. आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं, वर पातळ जॅकेट, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेलं, टोपीसकट. हातमोजे आणि कानटोपी सप्टेंबरमधेसुद्धा. हे सगळं घालून इथे जुलैमधे पळून बघा, आतून घामाने भिजाल, तरी बघा, कारण चेन कुठे अडकते, टोपी डोळ्यावर येते का, बॅग घासते का हे इथेच कळलेलं बरं.

माझा दीर एक गोष्ट सतत सांगतो, "वहिनी, गार लागल्यावर जॅकेट घालायचं नाही, लागायच्या आधी घालायचं". चढ संपून वाऱ्यावर येण्याआधी, आडोशाला असतानाच चढवा. थांबलात की लगेच. नुसतं पळत असताना अंग गरम असतं म्हणून कळत नाही, आणि थांबल्यावर पाच मिनिटांत दात वाजायला लागतात आणि बोटांनी चेनही लावता येत नाही.

तिथे गेल्यावर

स्कॉटलंडची एक फार भारी गोष्ट म्हणजे २००३ च्या कायद्याने तिथे जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीवर, डोंगरावर, जंगलात पायी किंवा सायकलवर फिरायचा हक्क आहे, जमीन खाजगी असली तरी. अट एकच, जबाबदारीने वागायचं. गेट जसं होतं तसं सोडायचं, उघडं होतं तर उघडं, बंद तर बंद. मेंढ्यांमधून पळत जायचं नाही, वसंतात त्यांना कोकरं झालेली असतात तेव्हा तर लांबूनच. शरद ऋतूत हरणांची शिकार चालते, तसे बोर्ड लावलेले असतात, वाचून दुसरी वाट धरायची.

सुरुवात छोटी करा. एडिनबराला असाल तर गावातच आर्थर्स सीट, २५१ मीटर, आपल्या पांडवलेणीसारखंच जाता येता. मग शहराच्या दक्षिणेला लागून पेंटलँड हिल्स, तिथे अख्खा रविवार जातो. जरा पुढे जायचं तर वेस्ट हायलँड वे, पूर्ण वाट १५४ किलोमीटरची, त्यातला किंग्सहाउस ते किन्लॉखलेव्हन हा चौदाएक किलोमीटरचा तुकडा घ्या, मधे डेव्हिल्स स्टेअरकेस नावाचा चढ, नाव ऐकून घाबरू नका, ब्रह्मगिरी केलेल्याला काहीच नाही. बेन नेव्हिस शेवटी ठेवा आणि चालतच करा. दर सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तिथे शर्यत असते, लोक वर जाऊन खाली येतात, पुरुषांचा विक्रम १९८४ चा, एक तास पंचवीस मिनिटं चौतीस सेकंद. ती आपण बघायला जायची.

सायकलला पहिल्या दिवशी कॅनॉलच्या काठचा रस्ता, एडिनबरा ते फॉलकर्क, एकदम सपाट, आणि शेवटी ते बोटी उचलणारं प्रचंड चाक बघायला मिळतं. मुलं बरोबर असतील तर लार्ग्जहून फेरीने ग्रेट कंब्रे बेटावर जा, बेटाभोवती सोळा किलोमीटरचा रस्ता, गाड्या फार कमी.

हायलँडमधले, म्हणजे तिकडच्या डोंगराळ भागातले, बरेच रस्ते एकाच गाडीपुरते अरुंद असतात, मधे मधे पासिंग प्लेस, म्हणजे बाजूला होऊन दुसऱ्याला जाऊ द्यायची जागा. गाडी मागून आली किंवा समोरून, डावीकडे पासिंग प्लेस असेल तर आत शिरून थांबायचं, उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, गाडी वळसा घालून जाते. जाऊबाई सांगतात हात वर करून थँक्यू करायचंच, न करणं उद्धटपणा. रस्त्यात जनावरांसाठी लोखंडी पाइपांच्या जाळ्या असतात, त्या सरळ ओलांडायच्या, पेडल न मारता, वळायचं अजिबात नाही, ओल्या असतील तर बर्फासारख्या. अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल लाइट कायद्याने लागतो.

मिज म्हणजे बारीक चिलटं, मे ते सप्टेंबर, पहाटे आणि संध्याकाळी, वारा पडला की झुंडीने. वारा असला की दिसत नाहीत, म्हणून डबा खायला बसताना वाऱ्याची जागा शोधा. चावल्याने खाज येते, बाकी काही नाही. गोचीड मात्र गंभीरपणे घ्या, गवतातून आलात की घोटे, गुडघ्यामागे, जांघेत, कमरेला तपासा. असेल तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढून काढा, तेल-रॉकेल-काडेपेटी असले आपले गावठी उपाय नकोत. नंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत गोल पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगा, नाशिकला परत आल्यावर आला तरी सांगा, कारण इथल्या डॉक्टरांच्या डोक्यात लाइम हा गोचिडीतून होणारा आजार पटकन येणार नाही.

डोंगरात जायच्या आदल्या रात्री डोंगराचा वेगळा हवामान अंदाज बघा, शहराचा नाही. वारा आणि शिखरावर ढग किती ते महत्त्वाचं. वर धुकं असेल तर बेन नेव्हिसच्या माथ्यावर जायचंच नाही, उत्तरेकडे सरळ तुटलेले कडे आहेत. मोबाईलमधे नकाशा डाउनलोड केलेला, शिवाय कागदाचा नकाशा आणि होकायंत्र. शिट्टी ठेवा, मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून परत. फोन लागत असेल तर ९९९, आधी पोलिस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.

खाणं

तासाभरापेक्षा जास्त काही करणार असाल तर दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन घास. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, भाजलेले फुटाणे, जेल वगैरेचे पैसे वाचवा. पण बॅग भरताना एक लक्षात ठेवा, यूकेमधे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप बाद. चिक्की-चिवडा चालतो. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं, ठरवून प्या. तिथे गेल्यावर सकाळी ओट्सची लापशी, ती त्यांची आणि आपली दोघांची आहे, वरून केळं.

शेवटचे दहा-बारा दिवस ट्रेनिंग निम्म्यावर आणा, चढाची एखादी छोटी फेरी ठेवा. याच काळात "राहिलंय ते भरून काढू" म्हणून कुणीतरी ग्रुपमधे कळसूबाईचा प्लॅन टाकतं, जाऊ नका. शूज धुऊन वाळवून हँडबॅगेत, चेक-इनची बॅग पोचली नाही तरी शूज पोचतात.

आणि पोचल्यावरच्या पहिल्या शनिवारी पार्करनला जा. पाच किलोमीटर, फुकट, गावोगावी असतं, लहान मुलं, आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या आया सगळे पळतात किंवा चालतात, आणि संपल्यावर कॉफीला गप्पा मारत थांबतात. स्कॉटलंडमधे ते साडेनऊला सुरू होतं, इंग्लंडमधे नऊला, त्यामुळे लंडनमार्गे जाणाऱ्यांनी गोंधळ करू नका. वेबसाइटवर नाशिकमधूनच एकदा नाव नोंदवायचं, एक बारकोड मिळतो, तोच जगभर आणि कायम चालतो. बारकोडची प्रिंट काढून पासपोर्टच्या कव्हरमधे ठेवा, तो दाखवला नाही तर पळालात तरी वेळेची नोंद होत नाही, कितीही गोड बोला.